झाकणातला घास

कासारवाडी,
रविवार, दुपार

प्रिय अंजली,

सप्रेम जय भीम. आपले रोज फोनवर बोलणे होते, तरीही हे पत्र लिहितो आहे. फोनवर मला बोलता येत नाही, हे तू सून म्हणून या घरात आल्याच्या पहिल्या महिन्यातच ओळखले असशील. मी हवामान सांगतो, सोनूचे वजन सांगतो, ‘बाकी ठीक’ म्हणतो आणि फोन त्याच्या आजीकडे, जाईकडे देतो. लिहिताना मात्र वाक्य अर्धवट सोडून फोन दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून टेबलापाशी बसलो आहे.

आत्ता सोनू खिडकीखालच्या गादीवर झोपला आहे. मघाशी लोणावळ्याकडे जाणारी लोकल स्टेशनातून सुटली, तेव्हा खिडकीची काच नेहमीसारखी गुणगुणली आणि त्याच्या पापण्या हलल्या. झोपेत त्याचे ओठ अजून हलतात, कुठले तरी जुने दूध अजून आठवत असल्यासारखे. पण तोंडात काही नाही, हातात काही नाही. एक हात गालाखाली आहे आणि दुसऱ्या हाताची बोटे डाळीने पिवळी झाली आहेत. जाईने ती पुसली, पण हळद अशी एका पुसण्यात जात नाही.

त्याची बाटली सुटली, हे मी तुला फोनवर सांगितलेच आहे. कशी सुटली, ते सांगायचे राहिले. तू साणंदला निघालीस तेव्हा आपले काय ठरले होते, ते आधी नीट मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तुझा आणि आमच्या सनीचा संसार न्यायालयाच्या कागदाने संपला, सोनू तुझ्याकडे राहील हे ठरले, आणि त्याच सुमारास चाकणच्या तुझ्या कंपनीने तुला गुजरातेतल्या नव्या कारखान्यात मोठ्या जागेवर पाठवले. तिथले पाळणाघर बाटलीवरचे मूल घेत नव्हते. स्वतःच्या हाताने दोन घास खाणारे मूल हवे, असा त्यांचा नियम. तेव्हा जाई म्हणाली, “बाटली सुटेपर्यंत राहू दे माझ्यापाशी, मग ने.” तू मान हलवलीस. मीही हलवली. म्हणजे सोनू जेवू लागला की तो जाणार, हे आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून स्वच्छ माहीत होते. त्याला भरवण्यासाठी हातात वाटी घेतली की आपण त्याला कुठे पोहोचवतो आहोत, हे मला दर वेळी दिसत असे.

आणि तो जेवेना. तू असताना त्याला बाटलीची जी गोडी होती, ती तू गेल्यावर एखाद्या व्रतासारखी झाली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो बाटली घेऊन याच खिडकीत बसे. गाड्या येत, जात. त्याचे डोळे अर्धे मिटत. आणि तो अशा काही गावाला निघून जाई, जिथे आम्हाला येता येत नव्हते. मी पुष्कळदा कामाचे कागद बाजूला ठेवून त्याच्याकडे बघत बसलो आहे. खरे सांगायचे तर त्याच्या हातातून बाटली ओढून घ्यावी, असे मला एकदाही वाटले नाही. ज्याला एवढी शांतता सापडली आहे, त्याच्याकडून ती काढून घेणारे आपण कोण, असे वाटे. पण डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि सांगितले, रक्त कमी आहे. पोट दुधानेच भरते, म्हणून अन्नाला जागा उरत नाही. दूध कमी करा, जेवण वाढवा. डॉक्टरांना ते एका वाक्यात म्हणता आले.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मी बाटलीतले दूध हळूहळू पातळ करत नेले, इतक्या सावकाश की लेखापरीक्षकालाही फरक कळू नये. सोनूला दुसऱ्याच दिवशी कळला. त्याने एक घोट घेतला, बाटली डोळ्यांसमोर धरली, माझ्याकडे पाहिले आणि ती माझ्या मांडीवर ठेवून दिली. असे पाहणे मी फक्त माल परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचे पाहिले आहे. जाईने बाटलीच्या रबराला कडुनिंबाचा रस लावला. त्याने तोंड वाकडे करून तो चोखून संपवला आणि खालचे दूध प्यायला. वैशाखी पौर्णिमेला विहारात खीरदान होते. जाईला वाटले, सुजाताच्या खिरीने ज्यांचा उपवास सुटला त्या बुद्धांच्या मूर्तीसमोर तरी हा तोंड उघडेल. बायकांनी त्याला मध्ये बसवले, एकीने चमचा धरला, दुसरीने टाळ्या वाजवल्या, तिसरीने चिमणी-कावळा केला. सोनूने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि ओठ मिटले. “आजोबावर गेलंय,” त्या म्हणाल्या, “मनात नसलं तर तोंड उघडत न्हाई.” जाई हसली, पण घरी येताना रिक्षात तिने सोनूला मांडीवर घट्ट धरले होते. मला माहीत होते ती काय विचार करत होती. नातू खात नाही याचे तिला दुःख होते, आणि खात नाही म्हणून अजून आपल्यापाशी आहे, याचे सुखही होते. ही दोन्ही तिच्या एकाच चेहऱ्यावर होती आणि त्यांचा आपसात तंटा नव्हता.

मग जाईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तिला वाकायचे नव्हते, मूल उचलायचे नव्हते. सहामाहीचा हिशेब बंद करायचा असल्याने मला रजा घेणे शक्य नव्हते. आमचे मालक म्हणाले, “घेऊन या हो नातवाला, ऑफिसात राहील.” तेव्हा मी सोनूला स्कूटरवर पुढे उभे करून भोसरीला नेऊ लागलो. एका हातात त्याने बाटली छातीशी धरलेली, वाऱ्याने केस मागे उडालेले. रस्त्याने जाणारी माणसे त्याच्याकडे बघून हसत.

आमचा कारखाना तू पाहिलेला नाहीस. पत्रे कापण्याचा आणि वाकवण्याचा आवाज सकाळपासून इतका अखंड असतो की काही वेळाने तो ऐकू येईनासा होतो. जेवणाची सुट्टी झाली की यंत्रे एकदम थांबतात, आणि तेव्हा मात्र ऐकू येते ती शांतता. छपराच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली येतात, त्यांत धातूची बारीक धूळ तरंगत राहते, आणि माणसे आपापल्या घामासकट पाण्यातून चालल्यासारखी सावकाश मागच्या शेडकडे निघतात. तिथे खोक्यांचे पुठ्ठे पसरून सगळे गोल बसतात. मी आजवर त्या गोलात बसलो नव्हतो. मी माझा डबा टेबलावर खातो. त्या दिवशी सोनू माझे बोट सोडून त्या शांततेतून चालत गेला आणि मी त्याच्या मागे गेलो.

कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. हे महत्त्वाचे आहे, म्हणून लिहितो. माणसे भुकेली होती. डब्यांची झाकणे उघडत होती, प्रत्येक झाकणाबरोबर एक वेगळा वास बाहेर येत होता, आणि ती झाकणे हातोहात फिरत होती: एकाची वांग्याची भाजी इकडे, दुसऱ्याचा ठेचा तिकडे. सोनबा आमच्या प्रेस यंत्रावर आहेत, मूळचे भोसरी गावातले. त्यांच्या आणि लातूरकडच्या रविराजच्या मध्ये थोडी जागा होती. सोनू तिथे जाऊन मांडी घालून बसला. बाटली त्याने मांडीत ठेवली. मग पुठ्ठ्यावर पडलेले सोनबांचे रिकामे झाकण दोन्ही हातांनी उचलले आणि इतरांनी धरले होते तसे पुढे धरले.

सोनबांचा घास हातातच राहिला. “आरं व्हय, व्हय! धाकलं साहेब बी लाईनीत हायेत. वाढा की त्यास्नी!” रविराज म्हणाला, “मामा, कालवण तिखट हाय तुमचं, लेकराला लागंल.” “लागंल तर रडंल. न्हाई तर जेवंल. तू आधी तुझ्या ताटाकडं बघ, माझी भाकरी उचललीस न्हवं मघाशी?” असे म्हणत त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात कुस्करून झाकणात ठेवला. सोनूने तो बोटांनी उचलला, तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, नाक लाल झाले, तो खोकला. मी पुढे झालो. तोवर त्याने झाकण पुन्हा पुढे धरले होते.

मी तिथेच उभा राहिलो, अंजली. यंत्रे बंद होती, उन्हाच्या पट्ट्या सरकत होत्या, माझा नातू लोखंडाचे काम करणाऱ्या माणसांत बसून भाकरी खात होता, आणि हे स्वप्न असेल तर कुणी मला हाक मारू नये, असे मला वाटले. कुणी मारलीही नाही. जेवण झाल्यावर सोनबा नेहमीप्रमाणे तिथेच आडवे झाले. सोनू त्यांच्या दंडावर डोके ठेवून झोपला. बाटली पुठ्ठ्यावर कलंडली होती. तिच्यातले दूध तसेच होते.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीच्या वाटीत तोच प्रकार करून दिला. तीच भाकरी, कमी तिखट कालवण. त्याने ओठ मिटले. मी बराच वेळ त्या वाटीकडे पाहत बसलो. माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, डबा घेऊन जात. मी डबा नेतो. सनी रात्रपाळीचा डबा नेत असे, तू पहिल्या पाळीचा. जाई आम्हा सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने काही तरी खाऊन घेई. आपल्या घरात स्वयंपाक होतो, पण जेवत कुणी नाही. सोनूला आम्ही सगळ्यांच्या आधी, एकट्याला, समोर बसून, त्याच्या तोंडाकडे टक लावून भरवत होतो. माणसे जेवतात कशी, हे त्याने जन्मल्यापासून पाहिलेच नव्हते. त्याच्या लेखी जेवणे हा फक्त त्याच्यावर लादलेला एक विचित्र उद्योग होता. भोसरीच्या शेडमध्ये त्याने पहिल्यांदा पाहिले की हे सगळेच करतात, आणि हसत करतात.

मग मला दुसरेही काही आठवू लागले. तुला आणि सनीला एका ताटापाशी बसलेले मी कधी पाहिले होते का? तुझी पाळी संपे तेव्हा त्याची सुरू होई. तू ठेवलेला डबा तो उचले, त्याने ठेवलेला तू घासत असशील. सनी आता मस्कतला आहे, त्याने आपला नवा संसार मांडला आहे. त्याच्याविषयी मी तुझ्यापाशी कधी बोललो नाही, आजही बोलणार नाही. एवढेच लिहितो की त्या वाटीकडे पाहताना मला सोनूबरोबर तुमचीही आठवण झाली.

त्या दिवसापासून घरात नियम बदलला. संध्याकाळी जाई तीन डबे भरते. होय, घरातल्या घरात. आम्ही तिघे जमिनीवर गोल बसतो आणि झाकणे उघडतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “शेजारीण बघेल तर म्हणेल, सून गेली म्हणून म्हाताऱ्याला डबा लावला!” मी म्हटले, म्हणू दे. सोनू आपले झाकण फिरवतो, माझी भाजी मागतो, स्वतःचा अर्धा चघळलेला तुकडा मला देतो, आणि तो मला खावा लागतो, कारण गोलात बसलेल्याने नाही म्हणायचे नसते. जाई आता बसून जेवते. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण ती भाताबरोबर कच्चा कांदा खाते, हे मला या पावसाळ्यात कळले.

बाटली कुणी काढून घेतली नाही. एका दुपारी जाईने सवयीने ती भरून त्याच्या हातात दिली. तो खिडकीत बसला, गाडी गेली, मग तो उतरून जाईपाशी आला आणि त्याने ती बाटली तिच्या तोंडाला लावली. आपण ज्याच्याबरोबर जेवतो त्याला आपले द्यायचे, एवढे त्याला कळले होते. जाईने खरोखर दोन घोट घेतले. नंतर पदराने तोंड पुसता पुसता ती पदर डोळ्यांपाशी नेऊन बसली आणि मला म्हणाली, “आता सांगा, पोरगं जेवायला लागलं म्हणून हसू, का निघालं म्हणून रडू?”  मी बाटली धुऊन पालथी ठेवली. नंतर सोनूने ती मागितली नाही.

हे मी तुला फोनवर कळवले तेव्हा तू आनंदाने ओरडशील असे वाटले होते.  पण तू म्हणालीस, “बाबा, आणखी वर्षभर राहू दे का त्याला तुमच्यापाशी? आईंना करमणार नाही. मलाही इथे... थोडं आवरायचंय.” जाईचा चेहरा उजळला. मी ‘बाकी ठीक’ म्हणून फोन ठेवला. पण तू त्या ‘इथे’नंतर थांबलीस, ते मला ऐकू आले होते. आयुष्यभर मी माणसांचे व्यवहार तपासत आलो आहे. कुठे काही लिहायचे टाळले आहे, हे मला कळते. आमच्यावर दया करावी म्हणून तू त्याला ठेवत नव्हतीस. तुला काही तरी सांगायचे होते आणि ते सांगण्याआधी त्याची किंमत आम्हाला आगाऊ देऊन टाकत होतीस.

गेल्या आठवड्यात ते काय आहे, ते मला समजले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावर एक तरुण आला. नाव जयदीप, घर थेरगावला, नोकरी साणंदला तुझ्याच विभागात, सुट्टीवर आला होता. घरी न येता इथे का आलात, असे विचारले तर म्हणाला, “घरी आईंसमोर मला बोलता आलं नसतं, सर.” त्याच्या हातात डबा होता. तेवढ्यात यंत्रे थांबली आणि सोनूने माझे बोट ओढले. जाईला आता बरे आहे, तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी तो हट्टाने येतो. मग आम्ही दोघेही पुठ्ठ्यावर बसलो. सोनबांनी पाहुण्याच्या झाकणातली भाजी चाखली आणि म्हणाले, “पाव्हणं, भाजीत साखर हाय जणू. कोणाच्या हातची?” तो कानापर्यंत लाल झाला. “माझ्याच.” “मंग साखर बी चालंल,” सोनबा म्हणाले, “रांधणारा गडी गावतोय कुठं आजकाल!” सगळे हसले. सोनू त्याच्याकडे सरकला नाही, की दूरही गेला नाही. जरा वेळाने त्याने झाकण त्याच्या बाजूला धरले. जयदीपने भाजी वाढली आणि नंतर त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. आपला घास घेतला. मी ते पाहत होतो.

जेवण झाल्यावर तो मला म्हणाला, “अंजली तुम्हाला सांगू शकत नाहीये. ती म्हणते, त्या घरानं मला जाऊ दिलं, मूल दिलं, आता आणखी काय म्हणून मागू. मी तिला न विचारता आलोय. तुमची हरकत असेल तर तेही मीच तिला सांगीन.” मी त्याला चहा पाजला. त्याचे उत्तर त्याला द्यायचे नव्हते. ते तुला द्यायचे होते, म्हणून हे पत्र.

अंजली, सोनूला घेऊन जा. वर्षाने नको, दिवाळीच्या सुट्टीत ये आणि ने. पाळणाघराची अट आता उरली नाही. आमच्यासाठी तू नवी अट तयार करू नकोस. जाईशी माझे बोलणे झाले आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याचे स्वेटर उन्हात टाकले. जयदीपशी लग्न कर. तुझे मन तिथे असेल तरच, पण असेल तर आमच्याकडे पाहून थांबू नकोस. आणि आता माझे मागणे. लग्न विहारात होईल, तेव्हा वंदना झाल्यावर वधूच्या पालकांना पुढे बोलावतील. तुझे वडील तुझ्या लहानपणीच गेले, तुझ्या आईला उदगीरहून इतका प्रवास झेपायचा नाही, आणि भाऊ येईल की नाही हे तुलाही सांगता येत नाही. सासरा म्हणून माझा तुझ्यावरचा हक्क न्यायालयाने रद्द केला आहे, आणि तो रद्द झाला हे योग्यच झाले. परंतु वडिलांच्या जागेबद्दल त्या कागदात एक शब्दही नाही. मी तो दोनदा वाचला आहे. म्हणून विचारतो, त्या दिवशी लग्न लावणाऱ्या भन्तेजींनी ‘मुलीकडून कोण?’ असे विचारले, तर मी आणि जाईने उठून पुढे यावे का? फोनवर उत्तर देऊ नकोस. तू ‘हो’ म्हणालीस तर मी हवामान सांगू लागेन.

तुझाच, तू ज्या नावाने हाक मारशील तो,
बाबा